मांडीची वेलांटी

१२ फेब्रुवारी

घोडेवाल्या बाईंना,

दुसऱ्या मजल्यावरच्या आजीचा नमस्कार पोचावा. तुम्ही मला ओळखत नाही आणि मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणजे दोघी सारख्याच. मे महिन्यात तुमच्या डोंगरावर एक कुटुंब घोड्यावरून रपेट मारायला येणार आहे. लिफ्ट तपासणारा मुलगा, दातांच्या दवाखान्यात काम करणारी सून आणि अकरा वर्षांची नात. त्या मुलाची मी आई. हट्ट नातीचा आहे, तिने शाळेत पोहण्यात पहिला नंबर काढला आणि बक्षीस म्हणून घोडा मागितला. पोहण्याचा आणि घोड्याचा काय संबंध ते तिलाच ठाऊक.

तुमच्या पाकिटातून फॉर्म चार आले होते. मुलाने चौथा रद्दीत टाकला. मी म्हटलं, अरे, कोरा आहे तो. तर म्हणतो, "आई, तू कुठे घोड्यावर बसणार? तू आपली खाली बॅगांजवळ बस."

आता बॅगांचं तुम्हाला सांगितलंच पाहिजे, नाहीतर माझं म्हणणं कळायचं नाही. लग्न झाल्यापासून आम्ही जिथे जिथे फिरायला गेलो तिथे तिथे बॅगांजवळ मी बसले. समुद्रावर गेलो, सगळे पाण्यात आणि मी चपलांजवळ. डोंगर चढायला गेलो, सगळे वर आणि मी पायथ्याशी पाण्याच्या बाटल्या सांभाळत. धबधबा मी ऐकलाय, बघितलेला नाही. आमच्याकडे फोटोंचे तीन अल्बम आहेत. ते बघून नात एकदा विचारत होती, "आजी तेव्हा जन्मली नव्हती का?"

तक्रार करत नाही हां मी. बॅगांजवळ बसणाऱ्याला करमणूक पुष्कळ असते. एकदा एका बाईने मला तासाभरात तिच्या दोन्ही सुनांची गाऱ्हाणी सांगितली, आणि त्यातली एक सून पाठीमागेच बसून शेंगा सोलत होती. पण ते राहू दे.

तर तो फॉर्म मी रद्दीतून काढला, त्याला इस्त्री केली आणि भरला. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाचा. वजन खरं लिहिलंय. पुढे कच्ची, बरी, पक्की असे तीन चौकोन होते. तिथे मी पक्कीवर खूण केली आणि शेजारी लिहिलं, चाळीस वर्षं, रोज आठ तास. त्याच ओळीत तुमच्या छापखान्याकडून एक चूक राहिली होती, ती मी पेनाने दुरुस्त करून दिली आहे. राग मानू नका.

मला घोडा पाहिजे. या वेळी मी वर येणार म्हणजे येणार. मुलाला अजून सांगितलेलं नाही. उत्तराच्या पाकिटावर नुसतं 'आजी' लिहिलंत तरी आमच्या पोस्टमनला कळतं.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची आजी


२० फेब्रुवारी

आदरणीय बाई,

फॉर्म मिळाला. वर फोन लागत नाही, म्हणून पत्र.

माझ्याकडे सहा घोडे आहेत. बावीस वर्षं लोकांना जंगलातल्या वाटेने नेऊन आणते. फॉर्मवर 'मांड पक्की' लिहिणारे खूप भेटतात. पहिल्या उतारावर घोड्याच्या मानेला मिठी मारतात. पण 'चाळीस वर्षं, रोज आठ तास' हे मी पहिल्यांदा वाचलं. मी स्वतः एवढी बसलेली नाही. कोणत्या तबेल्यात होतात? शर्यतीचे घोडे होते का?

तुमच्यासाठी वादळ राखून ठेवला आहे. काळा, पाच वर्षांचा, माझ्याशिवाय कोणाला पाठीवर घेत नाही. तुमच्यासारख्या जाणकार हातात तो सुधारेल. रांगेत शेवटी तुम्ही राहिलात तर मला मागची काळजी नाही.

एक विचारायचं होतं. तुमच्या मुलाने दोनच फॉर्म पाठवलेत, सुनेचा आणि नातीचा. सोबत त्यांची चिठ्ठी आहे, 'आईचा गुडघा दुखावलाय, ती खाली थांबेल आणि तिच्या सोबतीला मी थांबेन.' गुडघा आता कसा आहे?

आपली नम्र,
घोडेवाली


१ मार्च

बाई,

तुमचं पत्र वाचलं आणि मी खुर्चीत बसले. बसलेच होते, पण परत बसले.

आधी घोड्यांचं सांगते. मी आयुष्यात एकाही घोड्यावर बसलेली नाही. बैलावर नाही, गाढवावर नाही, सायकलवर एकदा बसले आणि कुंपणात गेले. मी शिवणारी बाई. शाळेचे गणवेश शिवायचे, पायाच्या मशीनवर, घरीच, खिडकीशी. चाळीस वर्षं, रोज आठ तास पाय हलत होते. तुमच्या फॉर्मवर लिहिलं होतं, 'मांड कशी आहे?' मला वाटलं, घोड्यावर बसायचं म्हणजे या लोकांना मांडी कशी आहे ते बघावंच लागत असेल, जशी मी शर्टाला छाती बघते. छापणाऱ्याने वेलांटी खाल्ली, म्हणून ती मी लावून दिली. मांडी पक्की आहेच माझी. तुम्ही हात लावून बघा, खांब आहे.

मांड म्हणजे घोड्यावर घट्ट बसणं, हे मी काल खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना विचारून आले. त्या इतक्या हसल्या की त्यांची कवळी सुटली. पण त्या आधी महिनाभर माझ्याशी बोलत नव्हत्या, पायपुसण्यावरून वाजलं होतं आमचं, तेव्हा एक काम झालं.

वादळ तुमच्याकडेच ठेवा. त्याला सुधारायचं असेल तर दुसरं कोणी बघा.

आता गुडघा. माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही. दोन्ही माझ्याचकडे आहेत आणि दोन्ही वाकतात. हे वाचून आधी मला असा राग आला की मी मुलाच्या शर्टाची गळालेली बटणं लावायची होती ती तशीच ठेवली. माझ्या गुडघ्याला न विचारता त्याला आजारी पाडतो म्हणजे काय. मग दुपारी भांडी विसळताना एकदम डोक्यात उजेड पडला.

तो चार वर्षांचा असताना आम्ही राहायचो तिथल्या बागेत एक तट्टू असायचं, मुलांना गोल चक्कर मारून आणायचं. त्या दिवसासाठी मी त्याला टोपी शिवली होती, पिवळी, कानांवर येणारी, आतून अस्तर लावलेली. आमचा नंबर आला. तट्टाने मान खाली केली, पोराच्या डोक्यावरची टोपी दातांत उचलली आणि खाल्ली. अस्तरासकट. सगळी रांग हसली. पोरगं रडत रडत माझ्याकडे बघत होतं, आणि बाई, मीही हसत होते. मला आवरलंच नाही.

त्यानंतर त्याने घोड्याचं नाव काढलेलं नाही. लेकीबरोबर बुद्धिबळ खेळतो तेव्हासुद्धा स्वतःचे घोडे आधी मारून घेतो. इतकी वर्षं मला वाटायचं, त्याला खेळता येत नाही.

लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात दोरीला लोंबकळत उतरणारा माणूस आहे तो. त्याला कोणासमोर म्हणता येत नसणार की मला घोड्याची भीती वाटते. म्हणून त्याला माझा गुडघा लागला. हे मी तुम्हालाच सांगते आहे. तुम्ही लांब आहात, म्हणून.

पण म्हणून मी माघार घेते असं समजू नका. अडीच महिने आहेत हातात. काय शिकायचं ते लिहा, मी शिकते. एका आठवड्यात ऐंशी गणवेश शिवलेत मी, कॉलर आणि खिशासकट.

तुमची,
आजी, जिला घोडा माहीत नाही


९ मार्च

आजी,

तुमचा फॉर्म परत काढून बघितला. वेलांटी आहे. निळ्या शाईत. मी चष्मा लावून वाचला असता तर वादळपर्यंत गेलेच नसते.

बावीस वर्षांत मी एकटीच एवढी हसलेली नाही. घोडे माझ्याकडे बघत होते.

आता कामाचं. नियम सगळ्यांना एकच.

चढायला आमच्याकडे तीन पायऱ्यांचा लाकडी ओटा आहे. त्यावरून घोड्याच्या पाठीवर पाय टाकायचा, कोणाचा हात न धरता. मी बाजूला उभी असते, पण धरत नाही. पाय ठेवायला दोन्हीकडे लोखंडी कड्या लोंबतात, त्यांना रिकीब म्हणतात. त्यांत पाय रोवून उभं राहायचं आणि बसायचं, तीस वेळा. पाठीला टेकू न देता तास दीड तास बसता आलं पाहिजे. हे तिन्ही आलं की एक दिवस आधी या. कुंपणाच्या आत अर्धा तास फिरवून बघेन. जमलं नाही तर मी तोंडावर सांगेन आणि तुम्ही बॅगांजवळ बसाल. तेव्हा रडायचं नाही.

आणि शेवटचं. पासष्टच्या पुढच्या माणसाच्या फॉर्मवर घरच्या कोणाची तरी सही लागते. चोरून आलेल्याला मी घोड्यावर बसवत नाही. मुलाला सांगा. टोपीचं माझ्याकडून बाहेर जाणार नाही.

तुमच्यासाठी घोडी ठरवली आहे. एकवीस वर्षांची, रुंद पाठीची. तिचं नाव मावशी.

घोडेवाली


२ एप्रिल

बाई,

मावशीच्या पाठीवर बसायचं म्हणजे मला जरा संकोचच वाटतो. पण ठीक आहे, नात्यातलीच निघाली.

तुम्ही लिहिलंत ते सगळं मी करते आहे. गॅलरीत जुना बाक आहे, त्यावर गादीची वळकटी करून सुतळीने करकचून बांधली आणि तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसते. लगाम म्हणून माझी मापाची टेप गॅलरीच्या कठड्याला अडकवली आहे. पहिल्या दिवशी वळकटी फिरली आणि मी कुंड्यांत पडले. लागलं नाही, कुंडीला लागलं. आता तासभर बसते. समोरच्या इमारतीतली माणसं आधी खिडकीत येऊन बघायची. परवा त्यातल्या एकाने हात करून विचारलं, "आजी, कुठपर्यंत पोचलात?" मी म्हटलं, "अजून गॅलरीतच आहे, रस्त्यात गर्दी आहे."

उठाबशा तीसच्या चाळीस होतात. मशीनचे पाय आहेत हे, उगाच नाही. पायऱ्यांचं मात्र जड गेलं. स्टुलावर उभं राहून वळकटीवरून पाय टाकायचा म्हणजे मांडी पक्की असून भागत नाही, ती उघडावीही लागते. पंधरा दिवस पाय अर्ध्यावर यायचा आणि थांबायचा, बंद पडलेल्या लिफ्टसारखा. सोळाव्या दिवशी पलीकडे गेला. मी तशीच वर बसून राहिले थोडा वेळ. घाई काय होती.

स्वतःसाठी विजार शिवली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शिवल्या, स्वतःची ही पहिली. बसून बसून माझ्या लक्षात आलं की मांडीच्या आतल्या बाजूची शिवण घासते. म्हणून मी ती शिवण तिथून उचलून पुढच्या बाजूला आणली आणि आत दुहेरी कापड घातलं. मग मनात आलं, या बाईला बावीस वर्षं ती शिवण घासत असेल आणि तिने कोणाला सांगितलंही नसेल. म्हणून तुमच्यासाठीही एक पाठवते आहे. माप विचारलं नाही. तुम्ही पत्र लिहिता तशाच असणार, उंच आणि कुठेही जास्तीचं कापड नाही.

आता सही. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

रविवारी सकाळी तो दाढी करून टेबलाशी आला. मी फॉर्म पुढे सरकवला.

"हे काय?"

"फॉर्म. घरच्या माणसाची सही लागते."

लिफ्टचा कागद वाचतो तसा त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला. "आई, तू घोड्यावर बसणार?"

"हो."

"वय काय तुझं?"

"तिसऱ्या ओळीत लिहिलंय."

"म्हणून गॅलरीत ती वळकटी? मला वाटलं, तू गादीला ऊन देतेस."

"रोज? तासभर? वर बसून?"

सून चहा गाळत होती. ती म्हणाली, "पण आई, तुमचा गुडघा?" म्हणजे तिलाही त्याने तेच सांगितलेलं.

बाई, तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. चार वर्षांचा असताना बघत होता ना, अगदी तस्संच. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी म्हटलं, "बरा झाला. व्यायामाने."

त्याने खाली मान घातली. मग म्हणाला, "तू वर गेलीस तर बॅगांजवळ कोण बसणार?"

मी म्हटलं, "तू बस. कसं बसायचं ते मी सांगते. मला अनुभव आहे."

सुनेच्या हातातली गाळणी हलायला लागली, इतकी ती हसली. नात म्हणाली, "बाबा, तू पण ये ना." तो म्हणाला, "अगं, कोणीतरी लागतं ना खाली." आणि त्याने सही केली. एरवी त्याची सही म्हणजे नुसता दोरा गुंतल्यासारखी असते. ही सुटी आणि सरळ होती.

संध्याकाळी मी त्याची बटणं लावून टाकली.

फॉर्म सोबत आहे. आता मला कोणी अडवायचं नाही.

आजी


१५ एप्रिल

आजी,

विजार आली. कंबर दोन बोटं सैल आहे, बाकी बरोबर. काल ती घालून पाच तास बसले. संध्याकाळी घरी नीट चालत आले. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तुमच्या मुलासाठी बाक सावलीत ठेवते आहे. तबेल्यापासून दहा पावलांवर आहे. अजून लांब सरकवू का?

घोडेवाली


२२ एप्रिल

बाई,

नको. दहा पावलं राहू देत. पण मध्ये कुंपण आहे ना, तेवढं बघा.

विजारीच्या कंबरेला बेल्ट लावा, मी आले की दोन चिमट्या घालून देते.

आजी


२५ मे

पोरी,

आता तुला अहो-जाहो करणं जमायचं नाही. मी तुझ्या तबेल्यात येऊन तुझी कंबर मापली आहे.

घरी आलो, कपडे धुतले, विजारीला अजून घोड्याचा वास येतो म्हणून ती धुतलेली नाही. सून नाक धरते. धरू दे.

आदल्या दिवशी तू मला कुंपणाच्या आत फिरवलंस आणि अर्ध्या तासाने फक्त 'हं' म्हणालीस, त्या 'हं'ची मी रात्रभर उलटसुलट शिवण काढली. सकाळी तू मावशीला ओट्याशी आणलंस तेव्हा कळलं. एरवी माणसं चढताना किंकाळ्या मारतात म्हणे. मी नुसता पाय टाकला. पोरी, तो पाय पलीकडे गेला आणि तिची पाठ खाली हलली, उबदार, श्वास घेणारी. वळकटी श्वास घेत नाही. हे तू मला लिहायला पाहिजे होतंस.

तू सगळ्यांच्या पुढे होतीस, मग नात, मग सून, शेवटी मी. त्यामुळे मागचं तुला दिसलं नाही, ते सांगते.

ओढ्यापाशी तू वळणाच्या पलीकडे गेलीस, नातीच्या घोड्याचा पट्टा झुडपात अडकला होता तो सोडवायला. मावशी तिथे थांबली. पाणी प्यायली. पिऊन झालं तरी थांबली. मी लगाम हलवला, ती कान हलवून गप्प. मी म्हटलं, "मावशी, चला, पुढे सगळे थांबलेत." ती ऐकेना. बरोबरच आहे, त्या वयात मीही ऐकत नाही. हाक मारावी असं मनात आलं. मग म्हटलं, नाही. इथपर्यंत आले आणि आता बॅग झाले का मी, कोणी उचलून न्यायला? डोळे मिटले, पाय रोवले आणि मशीनवर जाड कापड आलं की मांडीपासून जोर द्यायचा असतो, टाच, चवडा, टाच, चवडा, तसा दिला. मावशीने मोठा सुस्कारा टाकला आणि निघाली. जाड कापड शिवलं गेलं की सुई सुटते ना, तशी.

तेव्हा डोळे उघडले, तर उजव्या हाताला धबधबा. फार मोठा नव्हता, आमच्या इमारतीएवढाच असेल. पण मी त्याला समोरून बघितलं, वरून खालपर्यंत, आणि माझ्याजवळ एकही चप्पल नव्हती कोणाची.

वळणावर तू म्हणालीस, "आजी, मागे सगळं ठीक?" मी 'हं' म्हटलं. तुझ्याकडूनच शिकले.

आता परत आलो तेव्हाचं. तू घोड्यांना पाणी दाखवायला मागे गेलीस, तेही तुला माहीत नसणार. मी मावशीवरून उतरले, पाय लाकडाचे झाले होते, तशीच फेंगडी चालत बाकापाशी आले. बाकावर चारही बॅगा नीट रांगेत होत्या, आणि माणूस नाही. मला काळजी लागली. बॅगांची नाही, मुलाची.

तर तो तबेल्याच्या दाराशी उभा. कुंपणाच्या आत गेलेला, कसा गेला त्याला माहीत. समोर अर्ध्या दारावरून तुझ्या वादळने मान बाहेर काढलेली. पोराचा उजवा हात वादळच्या नाकावर होता, अगदी टोकाला, इस्त्री तापली का ते बोटाने बघतात ना, तसा. आणि डोक्यावर टोपी नव्हती. सकाळी घालून आला होता. ती त्याने डाव्या हाताने पाठीमागे धरली होती, घट्ट, घोड्याला दिसणार नाही अशी.

चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, पोरी, आणि टोपी पाठीमागे.

मी हसले नाही. माझ्या पोटात हसू मावत नव्हतं, पण बाहेर येऊ दिलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी आवरलं नव्हतं, ते या वेळी आवरलं. ओठ इतके चावले की संध्याकाळी तिखट खाता येईना. सून आणि नात मागून येत होत्या, त्यांना मी हात करून थांबवलं. आम्ही तिघी तशाच उभ्या राहिलो, त्याचं होईपर्यंत.

त्याने वळून बघितलं तेव्हा मी आभाळाकडे बघत होते. तो म्हणाला, "आई, कसं झालं?" मी म्हटलं, "छान. बॅगा ठीक आहेत ना?" तो म्हणाला, "बॅगा? हो. म्हणजे, असतील."

असतील, म्हणतो. होत्याच. कोणी नेल्या नाहीत. घोडे होते, आम्ही होतो आणि एक कोंबडी होती. परतताना नात म्हणाली, "या बॅगा गाडीत ठेवून कुलूप लावलं असतं तरी चाललं असतं ना?" मी मनात सगळे समुद्र आणि सगळे डोंगर मोजले. मग ठरवलं, आता मोजायचं नाही.

माझा घोड्यावरचा फोटो नाही. फोटो काढणारा खाली होता. नात म्हणाली, मी चित्र काढते. तिने काढलंय, त्यात मी फार जाड आहे आणि मावशी हसते आहे. भिंतीवर लावलंय.

तुझी आजी


३ जून

आजी,

इकडे पावसाआधी खोगिरं तेल लावून ठेवायचं काम चालू आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

रपेट झाली की मी प्रत्येकाचं कार्ड भरते. तुमचं सोबत आहे. खोटं लिहीत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मांड, बरी. मांडी, पक्की. दुसरी ओळ मी हाताने काढली आहे.

फॉर्म नवीन छापले. आता 'घोड्यावरची बैठक कशी आहे?' असं सरळ लिहिलंय.

मावशी ओढ्यापाशी कोणासाठीच हलत नाही. मी दर वेळी मागे जाऊन तिला आणते. त्या दिवशी मी झुडपातला पट्टा सोडवून मागे वळले, तर तुम्ही येत होतात. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मी विचारलं नाही.

वादळचंही तसंच. तो अनोळखी माणसाला हात लावू देत नाही. तुमच्या मुलाला कसा लावू दिला, मला माहीत नाही. कदाचित दोघंही घाबरले होते.

एक कोरा फॉर्म जादा घातला आहे. कोणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा.

घोडेवाली


१४ जून

पोरी,

फॉर्म मी कोणालाच दिला नाही. टेबलावर ठेवला, मिठाच्या बरणीखाली, आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तीन दिवस तो तिथेच होता. सून बरणी उचलायची, मीठ घ्यायची, परत ठेवायची. चौथ्या दिवशी बरणी होती आणि फॉर्म नव्हता.

काल त्याने तो माझ्या हातात दिला. म्हणाला, "आई, तुझ्या पाकिटातून जाईल ना? ऑक्टोबरच्या सुट्टीचा आहे." मग लगेच बाथरूममध्ये गेला, नळ सोडून उभा राहिला.

मी चष्मा लावून वाचला, तूही लावूनच वाच. बैठकीच्या पुढे त्याने 'कच्ची'वर खूण केली आहे. त्याच्या कामात कच्चं असं लिहायला तो कधी तयार होत नाही, तारेचा एक धागा सुटला तरी लिफ्ट बंद करतो. खाली सही आहे, सरळ. आणि अगदी शेवटी 'काही सांगायचं असल्यास' अशी ओळ आहे, तिथे त्याने लिहिलंय, 'कृपया टोपी न खाणारा घोडा द्यावा.'

तो बाहेर आला तेव्हा मी हसत होते, पोरी. मला आवरलं नाही. पण या वेळी मी त्याच्याकडे बघितलं, तर तोही हसत होता.

तुझी आजी